कर्नल घाबरलाय, सर

नवा कॉम्प्युटर खोक्यातून बाहेर आला, की मावशी आधी त्याच्याभोवती एक चक्कर मारायच्या. हात मागे बांधून, बाजारात शेळी बघावी तशा. मग म्हणायच्या, "नवं हाय म्हनून शानं हाय, असं काय न्हाई."

हे त्यांनी प्रिंटरला ऐकवलं होतं. मी भोरच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायला हजर झालो, त्या सकाळी मलाही ऐकवलं.

मावशी आमच्या लॅबच्या शिपाई. बारावी पास, रोज आंबवड्याहून एसटीने यायच्या. आधी त्या रसायनशास्त्राच्या लॅबमध्ये होत्या. तिथल्या सरांनी 'फार प्रश्न विचारतात' अशी तक्रार करून त्यांना आमच्याकडे ढकललं. आमच्याकडे उत्तरं देणारं कोणीच नव्हतं, त्यामुळे त्यांचं बरं जमलं.

लॅबमध्ये आठ जुनी मशीनं होती आणि सगळ्यांवर विंडोजऐवजी लिनक्स. त्यामागे काही तत्त्वबित्त्व नव्हतं. लिनक्स फुकट होतं आणि एका मासिकाबरोबर त्याची सीडी आली होती. मी लिनक्स शिकलो होतो ते पेपर सुटण्यापुरतं. मावशींकडे मात्र एक शंभर पानी वही होती. मशीन सुरू होताना पडद्यावर ज्या इंग्रजी ओळी धावतात, त्या त्या वहीत अक्षर-अक्षर उतरवून घेत आणि शेजारी डिक्शनरीतून काढलेला अर्थ लिहीत.

एकदा मला स्टाफरूमच्या दारातून हाक आली. "सर, तीन नंबरचा कर्नल घाबरलाय."

कोणीतरी निवृत्त लष्करी गृहस्थ भेटायला आलेत असं समजून मी शर्ट खोचत धावलो. पडद्यावर होतं, 'कर्नल पॅनिक'. लिनक्सच्या गाभ्याला कर्नल म्हणतात. त्याला पुढे जाता येईना, की तो हे दोन शब्द लिहून जागच्या जागी थांबतो. मावशींनी पॅनिकचा अर्थ डिक्शनरीत पाहिला होता. कर्नल त्यांना माहीतच होता. तोवर त्यांनी मशीन उघडून ढिली झालेली मेमरीची पट्टी दाबून बसवलीही होती. मला फक्त कळवायला बोलावलं होतं.

त्या सुमारास दोन कोअरचे प्रोसेसर नवे नवे आले होते. एकाच चिपमध्ये दोन डोकी. शिवऱ्याजवळच्या एका कारखान्याने आम्हाला तसे सहा लॅपटॉप दिले, कोरे, आत काहीही न घातलेले. प्राचार्यांनी सोमवारी उद्घाटन ठरवलं, पाहुणे ठरवले, नारळसुद्धा आणून ठेवला. मग मला विचारलं, "चालतात ना?"

चालत नव्हते. आमची जुनी सीडी घातली, की सहाही कर्नल घाबरत होते.

दोन दिवस झगडून मी एक पळवाट काढली. सुरू करताना एक जादा शब्द टाइप केला, की लिनक्स विजेच्या व्यवस्थेकडे बघतच नसे आणि कसंबसं उभं राहत असे. पण पंखा गिरणीसारखा घोंघावायचा, बॅटरी किती उरली ते दिसायचं नाही, आणि बंद करायला बटण दाबून धरावं लागायचं. शिवाय मावशींना आणखी एक गोष्ट दिसली. लिनक्स सुरू होताना पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा पेंग्विन येतो, प्रत्येक डोक्यामागे एक.

"सर, डोकी दोन म्हनला हुता. पेंग्विन एकच आलाय."

"दुसरं डोकं बंद आहे. चालतं तेवढ्यावर."

"स्टाफरूमला चालतं," मावशी म्हणाल्या. "हितं नगं."

प्राचार्यांनी सुचवलं, की कोणाची तरी विंडोजची सीडी आणा आणि कॉपी करून टाका. मावशी तिथेच फरशी पुसत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मग पाव्हने म्हनून फौजदारालाच बोलवा. येगळी खेप नगं त्याला."

शेवटी मावशींनी वहीतून सांगितलेल्या ओळी टाइप करून मी इंटरनेटवर लिनक्सवाल्यांच्या एका गटाला ईमेल केली. उत्तर आलं: प्रोसेसर नवा आहे, तुमच्याकडचा कर्नल जुना आहे, त्याची आणि याची ओळखच नाही. नव्या कर्नलमध्ये ती घातली आहे. शनिवारी पुण्यात आम्ही जमतो, सीडी घेऊन जा.

मी म्हणालो, उद्घाटनानंतर बघू. शनिवारी मावशी रजा टाकून एकट्या गेल्या.

तिथली हकिकत त्यांनीच मला सांगितली. वीस-पंचवीस पोरं, सगळी चष्म्यातली, आणि मधोमध डबा घेऊन बसलेल्या मावशी. एकाने अदबीनं विचारलं, "मॅडम, आपण कुठल्या कंपनीत?"

"भोरच्या कॉलेजात. मी लिनक्स बगते, झाडते बी."

त्यांनी वही मागून घेतली आणि चार जणांनी ती पानन् पान वाचली, म्हणाल्या. "कोन हसलं न्हाई, सर." हे सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

रविवारी कॉलेज उघडून त्यांनी नवी सीडी घातली. मी शेजारी बसून होतो, बोट लावायचीही गरज पडली नाही. पहिल्या लॅपटॉपवर दोन पेंग्विन शेजारी शेजारी उभे राहिले आणि पंखा गप्प झाला. "आला बाबा," एवढंच म्हणून मावशींनी दुसरा लॅपटॉप ओढला.

सोमवारी त्या चहाच्या ट्रेसह भिंतीला उभ्या होत्या. पाहुणे जाणकार निघाले. त्यांनी दोन पेंग्विन पाहिले आणि कौतुकानं विचारलं, "अहो, या प्रोसेसरवर आमच्याकडेही लिनक्स बसेना. कसं केलंत?"

प्राचार्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आणि मी म्हणालो, "थोडं संशोधन करावं लागलं."

मावशींनी मला चहा दिला.

दुसऱ्या दिवशी त्या वही आणि पेन घेऊन माझ्या टेबलापाशी आल्या. "सर, संशोधन काय काय केलं ते सांगा. माझ्यात लिवायचं ऱ्हायलंय."

मावशी उभ्याच होत्या, पेन उघडून.

त्या आठवड्यात मी प्राचार्यांना खरं काय ते सांगितलं. लॅब असिस्टंटची जागा रिकामी होती, ती मावशींना द्या म्हणालो. ते म्हणाले, "खरं असेल हो, पण शिपायाचं नाव कसं पुढे करणार? आणि सर्टिफिकेट कुठंय?" महिन्याभरात सर्टिफिकेटवाला एक जण त्या जागेवर आला. सीडीचा कप्पा कुठून उघडतो हे त्याला मावशींनीच दाखवलं.

माझ्या हातात होतं तेवढं मी केलं. मावशींसाठी दोन पानी शिफारसपत्र लिहिलं. त्यात मावशींनी काय काय दुरुस्त केलं, पुण्याला कोण गेलं, उद्घाटनाला मी काय बोललो, सगळं घातलं आणि खाली सही केली. मावशींनी ते उभ्यानं वाचलं.

"तुमचीच अब्रू घालवली की हितं."

"असू दे, मावशी."

"शुद्धलेखन बरं हाय," म्हणाल्या, आणि पत्र घडी करून वहीत ठेवलं.

पुढच्या जूनमध्ये त्या नोकरी सोडून वेल्ह्याला बहिणीकडे राहायला गेल्या. तिथल्या एका शाळेत कॉम्प्युटर आले होते आणि शिकवायला कोणी टिकत नव्हतं, एवढंच कानावर होतं. इकडे आमच्या लॅपटॉपवर हळूहळू विंडोज आलं. मी विरोध केला नाही.

तीन-चार वर्षांनी परीक्षेच्या कामासाठी मी नसरापूरला एसटी बदलून वेल्ह्याला गेलो. काम आटोपल्यावर ती शाळा शोधली. खिडकीतून मुलांचा आवाज येत होता, "बाई, माझा झाला. बाई, इकडं बघा." दारात उभा राहिलो. मावशी फळ्यापाशी होत्या. केस बरेच पिकले होते. मला बघून खडू खाली ठेवला.

"उभं ऱ्हावा रं," त्या मुलांना म्हणाल्या. "हे सर. ह्यांच्या पत्रावर मला हितं घेतलं."

चाळीस मुलं उभी राहून नमस्ते म्हणाली. मी म्हणालो, की बाहेर थांबतो.

"भाईर कशाला? तास चालू हाय, मागं बसा," बाई म्हणाल्या. "अन् मदी बोलू नगा."

शेवटच्या बाकावरच्या दोन मुली सरकल्या. मी गुडघे दुमडून त्यांच्याशेजारी बसलो, आणि बाईंनी फळ्याकडे वळून राहिलेली ओळ पुरी केली.