टँकर येतोय

मोबाईलवर पान उघडताना गरगर फिरणारं ते चक्र दिसलं की माझं टाळकंच सरकतं. म्हणून जतकडच्या आमच्या गावासाठी टँकर कुठवर आलाय ते दाखवणारं पान केलं, तेव्हा ते चक्र मी काढूनच टाकलं. पान आपलं आपण, मागच्या मागं नवी खबर आणायचं. बघणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही. सांगलीच्या ऑफिसात मी ते सगळ्यांना मिरवून दाखवलं होतं.

परवा गावी गेलो, तर वेशीपाशीच भर उन्हात घागरींची रांग आणि बायका ताटकळलेल्या. वहिनीच्या मोबाईलवर हिरव्या अक्षरांत लिहिलेलं, ‘टँकर येतोय’. दुपार कलली तरी तेच. शेवटी मी टँकरवाल्याला फोन लावला. तो कधीच दुसऱ्या वस्तीवर पाणी ओतून परत गेला होता. गावातलं नेट सकाळपासून बंद होतं, त्यामुळं पानाला नवी खबर मिळतच नव्हती. पण तसं सांगायची सोय मी ठेवलीच नव्हती. शिळी खबर ताजी म्हणून दिसत राहिली.

बायकांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. वहिनी उलट त्यांनाच म्हणाली, "भावजींनी केलंय, ते चुकायचं न्हाई. माझाच मोबाईल लय जुना हाय."

मी म्हणालो, "हां, तसंच असंल."

घरी आल्यावर तिनं रीतीप्रमाणं माझ्यापुढं गुळाचा खडा ठेवला, आणि माठ तिरका करून तळातलं पाणी तांब्यात ओतलं. ते मी प्यालो.