ताटाची डावी बाजू

मल्लेश्वरममधल्या एका लहानशा रुग्णालयात मी आहारतज्ज्ञ म्हणून लागले, तेव्हा मला कन्नडचे जेमतेम वीस शब्द येत होते आणि त्यातले निम्मे भाज्यांचे होते. नव्वदचं दशक नुकतंच लागलं होतं. नवऱ्याच्या बदलीमुळे नागपूर सोडून तीन महिनेच झाले होते.

वॉर्डात ताटं वाटणाऱ्या आणि उचलणाऱ्या बाईंना सगळे अक्का म्हणत. एकदा त्यांची ट्रॉली दारात अडकली आणि त्या पुटपुटल्या, "मेलं हे चाक." मी चमकून वळले. त्यांचं घराणं कितीतरी पिढ्या इथलंच होतं, पण घरात अजून मराठी होती. तेव्हापासून आमची गट्टी जमली.

त्याच सुमारास एक निवृत्त शाळामास्तर पक्षाघात होऊन दाखल झाले. डावा हात-पाय लुळा पडला होता, उजवा हात चांगला होता. ते आपल्या हाताने जेवत, पण रोज अर्धं अन्न तसंच राही. नर्सने तक्त्यावर लिहिलं, 'भूक कमी.' ते वाचून मी त्यांना ताटाखेरीज पातळ पदार्थही सुरू केले. ते वाचून डॉक्टरांनी भुकेचं औषध दिलं. आठवड्यानंतरही तेच चाललेलं पाहून त्यांनी सांगितलं, "उद्यापासून नाकातून नळी घालू."

मी नळीतून द्यायच्या आहाराचं टिपण करत होते, तेव्हा अक्का मास्तरांचं दुपारचं ताट घेऊन माझ्या टेबलाशी आल्या.

"मास्तरांना भूक नाही, असं कोण बोललं?"

"तक्त्यावर आहे, अक्का. रोज अर्धं टाकतात."

"कुठलं अर्धं, ते आहे का तक्त्यावर? स्वल्प बघा तरी."

खणांचं स्टीलचं ताट होतं. उजवीकडचे खण पुसल्यासारखे स्वच्छ, डावीकडच्यांना बोटही लागलेलं नव्हतं. मधल्या भाताचाही उजवा भागच खाल्लेला, सुरीने कापावा तसा सरळ.

"रोज असंच असतं?"

"रोज. परवा चपाती उजवीकडे वाढली, तर ती खाल्ली आणि डावीकडची पल्या-भाजी ठेवली."

"मग कुणाला सांगितलं का नाहीत?"

"मला कोण विचारतं? मी ताटं उचलते."

मी ते ताट तसंच उचललं आणि डॉक्टरांच्या खोलीत गेले. अक्कांनाही सोबत नेलं. डॉक्टर ताटाकडे पाहतच राहिले. मग ते उठले आणि आम्ही तिघं मास्तरांच्या खाटेशी गेलो. डॉक्टरांनी ताट त्यांच्यापुढे ठेवून अर्धं फिरवलं. भरलेले खण उजवीकडे आले.

मास्तरांचा चेहरा उजळला. ते कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले आणि भराभर जेवू लागले. अक्का हसत सुटल्या.

"काय म्हणाले?" मी विचारलं.

"म्हणतात, आठवडाभर अर्धपोटी ठेवलंत, आज कुठे दुसऱ्यांदा वाढायचं सुचलं."

डॉक्टरांनी समजावलं, की मास्तरांचे डोळे ठीक आहेत, पण मेंदू डावीकडची दखलच घेत नाही. नळी रद्द झाली. पुढचे दिवस आम्ही सगळे एकाच कामाला लागलो. व्यायाम घेणाऱ्या बाई त्यांना डावीकडे मान वळवायला शिकवत, नर्स खाटेच्या डाव्या बाजूने बोलत आणि अक्का ताटाच्या डाव्या कडेला लाल लोणच्याची फोड ठेवून म्हणत, "मास्तर, शोधा." घरी जायच्या दिवशी मास्तरांनी ती स्वतः शोधली. त्यांच्या पत्नीने सगळ्या वॉर्डाला म्हैसूरपाक वाटला.

'भूक कमी' हे दोनच शब्द एकीने लिहिले, दोघांनी वाचले आणि तिघांनी त्यावर आपापलं काम चोख केलं, हे मला बरेच दिवस बोचत होतं. डॉक्टरांनाही बोचलं असावं. त्यांनी सकाळच्या बैठकीत अक्कांना बोलावायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी त्या दाराशीच उभ्या राहिल्या. डॉक्टरांनी स्वतः खुर्ची ओढून दिली, तेव्हा "सरी, बरं" म्हणून टेकल्या आणि खाटांच्या क्रमाने कुणी काय खाल्लं, काय ठेवलं, ते सांगू लागल्या.

"सात नंबरने उपमा ठेवला. पण तिला भूक आहे."

"मग का ठेवला?" डॉक्टरांनी विचारलं.

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं. स्वयंपाकघर माझ्या हाताखाली होतं.

"उपमाच बरा नव्हता," त्या म्हणाल्या, आणि मी ते निमूटपणे लिहून घेतलं.