लाल पट्टी मधात

सत्यभामेचं अन् माहं काही गोड सख्य नाही, हे आधीच सांगून ठेवते. दोघींच्या घरात एक भिंत, अन् त्या भिंतीवरून रोज एक भांडण. पण आमच्या दिग्रसमधी पंचशील ध्वज शिवावा तर तिनंच, हे मी तिच्या माघारी नेहमी कबूल केलं. निळा, पिवळा, लाल, पांढरा, केशरी. पट्टीले पट्टी अशी जोडे का टाका दिसत नसे. दसरा जवळ आला का साऱ्या वस्तीचे झेंडे तिच्याच मशीनवर.

ते वर्ष कापसाले भाव नसल्याचं होतं. जिनिंग अर्धं बंद, घरोघरी तोंडं उतरलेली. नवं लुगडं कोणी घेतलं नाही, पण दीक्षेच्या दिवशी झेंडा मात्र नवाच पाहिजे, असं साऱ्याइनं ठरवलं. मलेही लै हुरूप चढला होता. सत्यभामा तेव्हा टी.बी.च्या गोळ्या खात होती, त्याही दुसऱ्यांदा. पहिल्या डावाले जरा बरं वाटलं, वेचणीचे दिवस आले, अन् बाईनं गोळ्या सोडून देल्या. मंग पुन्हा थुंकीत रक्त. आता लंबा कोर्स होता, अन् एकही गोळी ती चुकवत नव्हती.

झेंडे झाले तशी मी सगळ्यात आधी पोचली, पहिला आपला पाहिजे म्हणून. उघडला अन् माहं टाळकंच फिरलं. मधात केशरी, अन् लाल पट्टी पार कडेले. दुसरा उघडला, तोही तसाच.

"डोळे फुटले का तुहे, सत्यभामे?" म्या म्हटलं. "लाल मधात राहते ना."

"मधातच आहे," ती म्हणे.

"हे लाल आहे?"

"मंग काय हिरवं आहे?"

तेवढ्यात विहाराच्या समितीचे श्रावणदादा आले. झेंडा पाहून त्यायनं आवाज चढवला. "बाई, झेंड्याची थट्टा करून राह्यल्या का? कोणाच्या सांगण्यावरून?"

आता मी तिले बोलीन, तो माहा हक्क आहे. दुसऱ्यानं बोलाचं काम नाही. "दादा, इतकी वर्सं हिचेच झेंडे लावले ना? जरा दम धरा," म्या सुनावलं. अन् दोन चिंध्या उचलून तिच्यासमोर धरल्या, एक लाल, एक केशरी. लाल कोणती ते दाखव म्हटलं. ती पाहत राह्यली. मंग तिनं दोन्हीवरून हात फिरवला. रंग काय हातानं समजते? श्रावणदादायनं झेंडा घडी करून बाजूले ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी तिले यवतमाळले नेलं. डोळ्याच्या डॉक्टरनं रंगीत ठिपक्यायचं पुस्तक काढलं. पानापानावर ठिपक्यात आकडा लपलेला. मले तर बाजूनंही दिसला, अन् मी बोलूनही देल्ला, तशी डॉक्टरनं मले गप बसवलं. सत्यभामा म्हणे, "ठिपके आहेत. आकडा कुठं आहे?"

गोळ्या कोणत्या चालू आहेत, त्यायनं विचारलं. तिनं पिशवीतून रिकामं पाकीट काढलं. त्यावर बोट ठेवून डॉक्टर म्हणाले, "यातली ही एक गोळी. फार थोड्या लोकांच्या डोळ्यामागच्या नसेला ती सोसत नाही. आधी लाल रंग फिका होतो, मग नजरच जाते. केव्हापासून धुरकट दिसतं?"

"पोळ्यापासून," ती हळूच म्हणाली.

"अन् बोलली काहून नाहीस?" मी तडकली.

"बोलली असती तर तुमी गोळ्या बंद केल्या असत्या. एक डाव सोडल्या तर मरता मरता वाचली मी." मंग डॉक्टरपुढं तिनं हात जोडले. "डोळे गेले तर जाऊ द्या, साहेब. गोळी बंद करू नका."

मले तिचा राग आला अन् रडूही आलं, दोन्ही एका डावातच.

"बाकीच्या गोळ्या चालूच राहतील," डॉक्टर म्हणाले. "ही एकच बंद, आजपासून. टी.बी.च्या डॉक्टरांना चिठ्ठी देतो, पुढचं औषध ते ठरवतील."

"अन् डोळे?" म्या विचारलं.

"बहुतेक सुधारतील. खात्री देत नाही. काही महिने जातील."

घरी येऊन साऱ्या झेंड्यायचे टाके उसवले. श्रावणदादा स्वतः ब्लेड घेऊन बसले. मी पट्टी हाती देत जाय, ती शिवत जाय. दसऱ्याले वस्तीवर एकही झेंडा चुकीचा नव्हता.

पण पुढं तिनं शिवणंच सोडलं, मशीन कापडानं झाकून ठेवली. कोर्स संपला, टी.बी. गेला, वजन भरलं. रंगाचं विचारलं का ती उठून आत जाय. भांडतही नव्हती. मले करमेनासं झालं.

बुद्धपौर्णिमा आली तशी म्या माहा झेंडा माह्या हातानं शिवला. टाके वाकडेतिकडे, पण पट्ट्या बरोबर. दारावर लावला. येणारे-जाणारे वाहवा करून गेले, श्रावणदादाही मान हलवून गेले. मंग सत्यभामा बाहेर आली. कमरेवर हात ठेवून वर पाहत राह्यली.

"हे मधात काय लावलं?"

"लाल."

"लाल? हा तर राणी रंग आहे. डोळे फुटले का तुहे, नले?"

म्या वर पाह्यलं. खरंच राणी होता. दुकानातल्या पिवळ्या बल्बखाली घेतलेलं कापड ते, अन् सकाळपासून साऱ्या गल्लीत एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"काय म्हटलं? पुन्हा म्हण," मी म्हणाली.

ती पुन्हा म्हणाली, साऱ्या गल्लीले ऐकू जाईन अशी. मी तिचा हात धरून रडत होती अन् हसत होती, अन् तिले आणखी एक डाव म्हणायले लावत होती.