प्रस्थान ठेवलेल्या सात गाड्या

"ही पोरगी बोलते का, का नुसती टायपिंग करते?"

काकांनी हे सरांना विचारलं, आणि अशा बेतानं विचारलं की मला ऐकू यावं पण उत्तर द्यावं लागू नये. मी चार फुटांवर, लोखंडी कपाटाच्या आडोशाला लॅपटॉप घेऊन बसले होते. जागा मीच निवडली होती.

"कामाला एकदम शार्प आहे, काका," सर म्हणाले. "बोलायचं काय, शिकेल हळूहळू."

"आमच्याकडं हळूहळू कोनी शिकत नाय," काका म्हणाले. "गाडी अंगावर येते."

काका म्हणजे कळंबोलीतल्या एका ट्रक यार्डाचे मुकादम. कुठली गाडी कधी भरायची, कधी सोडायची, हे सगळं त्यांच्या डोक्यात आणि एका फुगलेल्या वहीत होतं. आमची, म्हणजे सरांची, सहा जणांची कंपनी ते स्क्रीनवर आणणार होती, आणि आज ते काकांना दाखवायचा दिवस होता. येताना सरांनी गाडीत मला स्पष्टच सांगितलं होतं, "काकांना पटलं तर हे यार्ड पुढे तूच सांभाळ. पण क्लायंटसमोर तोंड उघडावं लागेल. नाहीतर मी दुसऱ्या कुणाला तरी पुढे बसवतो, तू मागून कोड कर." मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, हे सरांनी विचारलं नाही. मला ते यार्ड हवं होतं. इतकं हवं होतं की तसं सांगायचीही लाज वाटली.

मी बोलत नाही असं नाही. मी दिवसभर बोलते, फक्त एका काळ्या खिडकीशी. त्या खिडकीत कोड लिहायला मदत करणारा एआय असिस्टंट राहतो. बटणं नाहीत, चित्रं नाहीत. आपण ओळ टाइप करायची, तो ओळींनी उत्तर देतो. शाळा इंग्रजी आणि घर मराठी असल्यामुळे कुठलंही वाक्य बाहेर सोडण्याआधी मी ते मनात एकदा तपासते, आणि तपासून होईपर्यंत लोकांचा विषय बदललेला असतो. हा मात्र थांबतो. कर्सर लुकलुकत राहतो, घड्याळाकडे बघत नाही.

त्याची अडचण एकच. एका बैठकीत त्याच्या डोक्यात ठरावीकच मावतं. आपण सांगितलेलं, त्यानं वाचलेला कोड, त्यानं दिलेली उत्तरं, सगळं तिथेच साठत जातं. भरत आलं की तो सगळ्याचा सारांश करतो आणि बाकीचं टाकून देतो. नवी बैठक उघडली की पुन्हा कोरा. कालपर्यंत ज्याला काकांच्या यार्डाची खडान्खडा माहिती होती, तो आज आपल्याला नमस्कार करून विचारतो, काय मदत करू? म्हणून त्याच्यासाठी एक फाइल ठेवायची असते. काम सुरू करण्याआधी तो ती वाचतो. इथे काय चालतं, काय चालत नाही, चुकूनही काय करायचं नाही.

ही फाइल पानभर असावी असं म्हणतात. माझी अकरा पानांची झाली होती.

जे कुणाला सांगितलं नाही ते सगळं मी त्याला सांगून टाकलं होतं. वॉचमन दुपारी जेवायला जातो, त्या तासाभरातल्या नोंदी नंतर एकदम येतात. काकांना 'डिपार्चर' हा शब्द चालत नाही, 'सुटली' लिहावं. सर 'छोटासा बदल' म्हणाले तर तो छोटा धरू नये. माझं कौतुक करू नये, अवघडल्यासारखं होतं.

आणि सातव्या पानावर एक ओळ होती, पहिल्या भेटीतली. त्या दिवशीही मी याच कपाटाशेजारी बसले होते. संध्याकाळी काकांनी एक भरलेला ट्रक फाटकाबाहेर काढायला लावला, पुढच्या चाकाशी नारळ फोडला, आणि ट्रक समोरच्या टायरवाल्याच्या दुकानापाशी जाऊन उभा राहिला. ड्रायव्हर उतरला आणि निवांत जेवायला गेला. गाडी बंद पडली असं मला वाटलं. तेवढ्यात काका फोनवर कुणाला तरी म्हणाले, "उद्या आवस हाय, गाडी हलवायची नाय. आज परस्थान ठेवलं. परवा पहाटं निघंल."

प्रस्थान मला माहीत होतं. लहानपणी गावाला जायचा दिवस वाईट निघाला, की आई आदल्या दिवशी चांगली वेळ बघून एक पिशवी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे ठेवून यायची. पिशवीत एक टॉवेल, मूठभर तांदूळ आणि सुपारी. पिशवी निघाली म्हणजे आपण निघालो. मग दुसऱ्या दिवशी आपण फक्त पिशवीला गाठायचं. काकूंची मुलगी माझ्या वर्गात होती. तिनं शाळेत सगळ्यांना सांगितलं की आम्ही घर सोडून त्यांच्याकडे राहायला येतोय, टॉवेल आधीच आलाय. मी ते नाकारलंसुद्धा नाही. वाक्य तपासत होते.

तर सातव्या पानावर मी माझ्या शाळेच्या इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: गाडी कुठेही न जाता निघालेली असू शकते. हे बरोबर आहे. दुरुस्त करू नये.

डेमोच्या आदल्या आठवड्यात असिस्टंट घसरायला लागला. अकरा पानं वाचूनच त्याचं डोकं अर्धं भरायचं, मग ऐन कामाच्या वेळी तो मघाशी ठरलेलंच विसरायचा. सर म्हणाले, "फाइल छाट. नियम ठेव, गोष्टी काढ." डेमोच्या दिवशी सकाळी कोपरखैरण्याच्या घरी, आई मागे 'पोहे गार होतायत' म्हणत असताना, मी छाटायला बसले. अकराचं एक पान केलं. वॉचमनचं जेवण राहिलं. 'डिपार्चर' राहिला. माझं कौतुक करू नये, हेसुद्धा राहिलं. सातव्या पानावरची ओळ मला नियम वाटली नाही, गोष्ट वाटली. ती गेली.

मग नव्या बैठकीत मी त्याला म्हटलं, कालपासूनच्या नोंदींमध्ये काही विचित्र दिसतंय का बघ आणि नीट कर. त्यानं सात नोंदी शोधल्या. फाटकाबाहेर गेल्याची नोंद आहे, पण जीपीएसप्रमाणे गाडी बारा तास जागची हललेली नाही. चुकीच्या धरून रद्द करू का? पोहे खरंच गार झाले होते. मी 'हो' दाबलं.

आता काकांच्या टेबलावर स्क्रीन होता, आणि काका बोटानं ओळी मोजत होते.

"ह्या सात गाड्या आतमधी कशा दावतो?"

सरांनी वाकून पाहिलं. "काका, नेटवर्कचा इश्यू असेल. टेन्शन नका घेऊ, रिफ्रेश करतो."

रिफ्रेश केलं. सात गाड्या आतच.

"मी काल सोता सात नारल फोडले," काका म्हणाले. "खोबरं अजून खातोय. आनि हा मना सांगतो गाड्या निघाल्याच नाय?" त्यांनी खिडकीकडे हात केला. टायरवाल्याच्या दुकानापासून पुढे, ओळीनं, ताडपत्री बांधलेले सात ट्रक उभे होते. एकाखाली ड्रायव्हर झोपला होता.

सर खिडकीकडे बघत राहिले. "म्हणजे... उभ्याच आहेत ना पण?"

काकांनी सरांकडे असं पाहिलं, जसं मी इंग्रजी शाळेतून भलतंच काही शिकून आल्यावर आई माझ्याकडे पाहायची. मग ती फुगलेली वही पुढे ओढली. "राहू द्या. आमची वहीच बरी."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझी बोटं आधीच काळ्या खिडकीत होती. मी विचारलं, सात नोंदी का रद्द केल्यास? त्यानं शांतपणे सांगितलं की गाड्या हलल्या नव्हत्या, आणि तू होकार दिला होतास. आणखी काही माहिती असल्यास कळव, त्याप्रमाणे बदल करतो. कर्सर लुकलुकायला लागला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. त्याला माहीत नव्हतं. सरांना माहीत नव्हतं. काकांना माहीत होतं, पण ही गोष्ट सांगावी लागते हे त्यांना माहीत नव्हतं. फाइलमध्ये ती आता नव्हती. उरले होते मी, कपाटाच्या आडोशाला. मी सवयीनं वाक्य तपासायला घेतलं. 'प्रस्थान' नपुंसकलिंगी, म्हणजे ठेवलं. तोवर काकांनी वही उघडली होती आणि पेनाचं टोपण दातात धरलं होतं.

मी लॅपटॉप बंद केला आणि उभी राहिले. खुर्ची कपाटावर आपटली, त्यामुळे सगळ्यांनी बघितलंच.

"काका, नेटवर्क ठीक आहे. तुमच्या गाड्या निघाल्यात, कालच. तुम्ही प्रस्थान ठेवलंय. ह्या कॉम्प्युटरला ते मी सांगितलं होतं आणि आज सकाळी मीच पुसलं. वही मिटा, दहा मिनिटं द्या, मी त्याला परत सांगते."