हळद सोडून बंगळूरला

९ फेब्रुवारी १९९८, सोमवार. सकाळी गारठा, अकरानंतर कोरडं ऊन.

आमच्या सांगलीच्या हळदीच्या अडत दुकानात किस्से धुळीसारखे साचतात. एक कोपरा झाडेपर्यंत दुसऱ्यात थर बसलेला असतो. मी तिथला कारकून. रोज वहीत टिपून ठेवतो. आज त्यातले फक्त शालनचे काढले.

शालन मूळची उंब्रजची. अकरा वर्षं आमच्याकडे हळद निवडत होती. एकदा एका शेतकऱ्याचं पोतं अजून शिवलेलंच होतं, तर ही म्हणाली, खाली भिजलंय. उसवलं तर तळाला बुरशी. शेतकरी शेठजींना म्हणाला, "आवं, हिला दारात बसवू नका. आमाला गाडी माघारी न्यावी लागंल."

*

डिसेंबरात शेठजींचे बंगळूरचे एक ओळखीचे आले. कॉफी भाजून विकायचा धंदा. तिकडे कॉफीची काचेची नवी दुकानं निघतायत, पोरंपोरी तास तास बसतात, पण वासावरून माल पारखणारं माणूस मिळत नाही, असं सांगत त्यांनी नमुन्याची पुडी फोडली. शालन सूप घेऊन बाजूनं चालली होती. थांबली. "ह्यात एक कुजकी हाय."

ताटात ओतून एकेक बी हुंगली. सापडली. पाहुण्यांनी तिला तिथल्या तिथं बंगळूरला नोकरीच्या परीक्षेला बोलावलं.

*

हमाल धोंडीबानं विचारलं, "शालन, जल्मात कॉफी पिलीस का गं?"

"न्हाई. हळद तरी कुठं पिते?"

*

अट एकच. हाताला कसलाही वास नको, कॉफी तो लगेच ओढून घेते. शालनचे हात कोपरापर्यंत पिवळे. तिनं महिनाभर आधीच काम सोडलं. परत ठेवणार नाही, असं शेठजींनी बजावलं, तरी सोडलं. चिंच, राख, लिंबू, सगळं लावून झालं. घरातलं वरणही पांढरं. ट्रक चालवणारा नवरा मुकाट्यानं जेवला. त्याची गाडी बंगळूरच्याच वाटेवर असते.

*

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या घरी होतं. बायकोनं बोट पुढं केलं, तशी शालन मागं सरली. "वहिनी, कुंकू लावा. हळद नको."

तिची सासू शेजारीच बसलेली. "सवाशिणीनं हळद नको म्हणायचं? नवरा जित्ता हाय तुझा."

"म्हणून तर कुंकू मागितलं, आत्याबाई."

*

परीक्षेला सोबत मी गेलो, हिंदी बोलायला. उमेदवार पाच, त्यातले चार पदवीधर. टेबलावर भाजलेल्या कॉफीच्या आठ ताटल्या. एकीतला माल खराब आहे, ती दाखवा, एवढाच प्रश्न. चौघांनी भराभर बोट ठेवलं. शालननं दोन फेऱ्या मारल्या आणि सगळ्या चांगल्या आहेत म्हणाली.

मी तसं सांगितलं. परीक्षा घेणारे साहेब म्हणाले, एक खराब आहेच, शेवटची संधी. मी तिच्या कानाशी लागलो, कुठलीही एक दाखव, इथलं गेलं तर सांगलीचंही गेलंय.

ती मोठ्यानं म्हणाली, "अण्णा, तुमी म्हणता म्हणून कुजकी कुठनं आणू? सांगा त्यास्नी."

मी शब्दाला शब्द सांगितलं.

आठही ताटल्यांतला माल चांगला होता. दोन मार्चला शालननं कामावर हजर व्हावं, असं पत्र आज दुपारच्या टपालानं आलं.