पहिला नमुना

सुक्या बोंबलांचा वास आला की मला आमच्या पाचूबंदर कोळीवाड्यातली ती सकाळ आठवते. मधुमेहावरचं माझं संशोधन नुकतंच सुरू झालं होतं, आणि माझ्याच वस्तीतल्या बायका रक्त द्यायला तयार नव्हत्या. "रगत दिलं का अंगातली ताकद जाते," म्हणत त्या मासळीच्या लिलावाकडे वळल्या. तेवढ्यात आई डोक्यावरची पाटी खाली ठेवून माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसली. सुईला ती फार घाबरायची. डोळे घट्ट मिटून तिने हात पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "माझी पोर हाय ती. घे गो, पयलं माझं घे." तिची साखर वाढलेली निघाली, पण वेळेत कळली. आईला पाहून त्या सकाळी मग बायकांची रांगच लागली. आज बंदरावर आईला सगळे डॉक्टरणीची आई म्हणतात. मला मात्र कुणी तिची मुलगी म्हणून ओळखलं की ऊर भरून येतो.