मशीनचा डावा पाय

माझा धाकटा भाऊ फौजेच्या इंजिनियर पलटणीत लागला तेव्हा फार आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. खरं म्हणजे माझ्या पोटात दुखलं. तलासरीच्या एका शेठकडे मी खोदकामाच्या पिवळ्या मशीनवर ऑपरेटर होतो, आणि भावाला मशीन शिकवलं ते मीच. मशीन कललं की आधी बुडाला कळतं, मग डोळ्यांना, हा धडा माझाच.

२०१५ साली त्याने एक फोटो पाठवला. हिरवं मशीन, पुढे बकेट, मागे खोदायचा हात, जाड पत्र्याची केबिन आणि केबिनमध्ये हा. म्हणे, हे ट्रेलरवर लादावं लागत नाही. ताफ्यातल्या गाड्यांबरोबर ऐंशीनं पळतं, वाटेत नाला आला की रस्ता करून देतं आणि पुन्हा ताफ्याला गाठतं. मी तलासरीहून उधव्याला मशीन न्यायचो तेव्हा ताशी तीसलाच ते धापा टाकायचं, आणि मागचे ट्रकवाले माझा उद्धार करत पुढे जायचे.

बाबांनी तो फोटो डहाणूहून मोठा करून आणला आणि देवाशेजारी लावला. कोणीही आलं की सुरू. "ह्याचा मशीन बैलगाडीसारका चालते. त्याचा बग, ऐंशीनी पलते!" मी तिथेच चहा पीत बसलेला असायचो. आमच्या भातशेतीचे बांध माझ्या मशीनने घातले होते, ते कोणाला दिसायचे नाहीत. देवाशेजारी सोडा, माझा फोटो दारामागेही नव्हता.

२०१७च्या मे महिन्यात बहिणीच्या लग्नासाठी भाऊ सुट्टीवर आला. आमचा पाडा सायवनच्या पुढे, ओहोळापलीकडे. ओहोळावरचा रस्ता आधीच्या पावसात वाहून गेला होता आणि वरातीचा टेम्पो येणार कसा, हा प्रश्न होता. पाणी खालून जावं आणि वर रस्ता व्हावा म्हणून पाड्याने सिमेंटचे पाइप आणून ठेवले. शेठने रविवारी मशीन दिलं.

आमच्याकडे मशीन कामाला लावण्याआधी बकेटच्या दातावर नारळ फोडतात आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा ऑपरेटरला देतात. तेवढा एक मान मला इतकी वर्षं मिळत होता. बाबांनी नारळ फोडला आणि तुकडा भावाच्या हातावर ठेवला. "आज फौजी चालवील," म्हणाले. पाड्याने टाळ्या वाजवल्या. मी चावी दिली.

खोदताना मशीन हलू नये म्हणून मागचे दोन लोखंडी पाय जमिनीत रोवतात. माझ्या मशीनच्या डाव्या पायातलं तेल हल्ली गळायचं, पाय हळूहळू वर सरकायचा आणि मशीन कलायचं. दर चार बकेटांनी पाय पुन्हा दाबून घ्यावा लागे. हे मी भावाला सांगितलं नाही. मुद्दाम. म्हटलं, बघू दे जरा लोकांना.

दहा मिनिटांत मशीन डावीकडे झुकलं. मला लांबून दिसत होतं, याला आत बसून कळेना. मशीनचा हात फिरला, बकेट पाइपवर आदळली आणि पाइपचे दोन तुकडे झाले.

आता हसतील, म्हणून मी वाट बघत होतो. तर एक म्हातारा माझ्यावरच खेकसला, "तुजा मशीनच भंगार! त्याला मिलिट्रीच्या मशीनची सवय." सगळ्यांनी मान डोलावली.

भाऊ ओहोळात हात धुवायला उतरला. मी मागोमाग गेलो. "बुडाला कळलं नाही?" मी विचारलं.

तो हात चोळतच राहिला. "दादा, मी तिकडे मशीन चालवत नाय. परीक्षेत दोनदा उडालो. ग्रीस मारतो, टायर बदलतो. फोटोपुरता बसलेलो. बाबांना नको सांगू."

मला उकळ्या फुटल्या. भावासाठी वाईट वाटायला हवं होतं, ते नंतर वाटलं. उरलेलं काम मी गाणं गुणगुणत पुरं केलं.

संध्याकाळी जेवताना बाबांनी घास हातातच धरून मला विचारलं, "खरा सांग. पाइप फुटला कसा? त्याला येते ना चालवाया?"

दोन वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होतो. पण बाबांचा घास अजून तसाच हातात होता, आणि भाऊ ताटातला भात नुसता चिवडत होता.

"माझ्या मशीनचा पाय गळतो," मी म्हणालो. "त्याला सांगायला विसरलो."

"म्हंजे चूक तुजी."

"माझीच."

बाबांनी घास तोंडात घातला. "तरी म्हटला," ते म्हणाले आणि भावाच्या ताटात आणखी भात वाढला.

चार दिवसांनी वरात आली. टेम्पो पाइपांवरून जाताना मी पुढे उभा राहून हात दाखवत होतो, "येऊ दे, येऊ दे." मागे बाबा व्याह्यांना सांगत होते, "हा रस्ता माज्या फौजीनी केला." माझ्या शेजारी उभ्या भावाने मान खाली घातली. मी मागे वळून पाहिलं नाही. पोटात दुखायचं तेवढं दुखलंच.